किल्ली द्यायच्या आधी

२०१९च्या मे महिन्यातली दुपार. वरच्या खोलीतल्या कूलरचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून झिरपत होतं आणि ओल कुठपर्यंत उतरली ते मी खाली उभा राहून बघत होतो. जिना चढायचा आणि सांगायचं, 'कूलरची नळी जरा सरळ करा.' काम एवढंच. पण वरच्या किरायेदाराकडे पाच महिन्यांचा किराया थकला होता, आणि मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो दारातच म्हणाला होता, "सर, रोज रोज येत नका जाऊ. काय करायचं ते करून घ्या." पीएफचं कर्ज काढून बांधलेला माझाच जिना, पण चढायला पाय उचलेना. शेवटी बायकोने भिंतीखाली परात लावली.

आपल्या यवतमाळात अशी परात बऱ्याच घरांत लागलेली असते, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच. इथला घरमालक म्हणजे काही चाळींचा धनी नव्हे. निवृत्त मास्तर, एसटीतून सुटलेला कंडक्टर, नवरा गेल्यावर वरच्या दोन खोल्यांच्या किरायावर औषधं भागवणारी बाई, मुलगा पुण्याला आणि घर वाघापुरात अशी म्हातारी जोडपी. किरायेदारही ओळखीच्या जातकुळीचे. मेडिकलची आणि इंजिनिअरिंगची पोरं, बदलीवर आलेले बँकेचे नि सरकारी कर्मचारी, घाटंजी-आर्णीकडच्या खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी शहरात खोली करणारी शेतकरी कुटुंबं. वणीकडे कोळसा खाणींमुळे आलेली माणसं. बहुतेक चांगली असतात. मी आजवर अकरा किरायेदार पाहिले, वाईट एकच निघाला. त्या एकाने जे शिकवलं ते बाकीच्या दहांनी मिळून शिकवलं नाही. कायद्याचा भाग नंतर वकिलाकडे बसून पक्का करून घेतला, तोही इथे सांगतो.

माझ्याकडे करार होता. शंभराच्या स्टँप पेपरवर कोर्टासमोर टाईप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला, अकरा महिन्यांचा. तो कागद मी देवघराच्या कपाटात जपून ठेवला होता. वकिलाने तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "सर, नोंदणी कुठे आहे?"

नोंदणी नव्हती. आणि इथेच आपल्यापैकी निम्मे लोक फसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर किरायाने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि तो नोंदलेला हवा. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची, किरायेदाराची नाही. नोंदलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल किरायेदार जे म्हणेल ते खरं धरलं जातं. खोटं आहे हे आपण सिद्ध करत बसायचं. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल घरमालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझा किरायेदार हे माझ्याआधी शिकला होता. त्याचं म्हणणं, किराया साडेसहा हजार नव्हताच, चार हजार ठरला होता. आणि अकरा महिन्यांची मुदत वगैरे नुसतं कागदापुरतं होतं.

अकरा महिन्यांचं हे खूळ आलं कुठून? १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून वर्षाच्या आतला करार करायचा आणि नोंदणी चुकवायची, ही जुनी पळवाट. महाराष्ट्रात ती २००० सालीच बुजली. कोर्टासमोरच्या टायपिस्टपर्यंत मात्र ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आपल्या वऱ्हाडात तर जुन्या माणसांच्या डोक्यात याहून जुना कायदा बसलेला आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९चा घरभाडे नियंत्रण आदेश. किरायेदाराला नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढा, मग दिवाणी दावा लावा, असा दुहेरी फेरा होता. १९९९च्या कायद्याने तो आदेश रद्द केला. तरीही एखादे आजोबा अजून सांगतात, "रेंट कंट्रोलरकडे जा." आणि दुसरी समजूत, बारा वर्षं राहिला की घर त्याचं. किरायाने राहणारा माणूस मालकाची मालकी मान्य करूनच घरात आलेला असतो, त्यामुळे नुसती वर्षं मोजून तो मालक होत नाही. या भीतीपोटी चांगल्या किरायेदाराला दर अकरा महिन्यांनी हाकलणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याच घरात पुढे वाईट किरायेदार आलेलेही पाहिले आहेत.

राहण्यासाठी खोली द्यायची असेल तर सरळ नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार करा. मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि ठेवीवर धरलेलं व्याज मिळून त्याच्या ०.२५ टक्के, वर नोंदणीची फी. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधारवर अंगठा जुळवून, काही वेळा एजंट घरी यंत्र घेऊन येतो. त्याचे पैसे धरले तरी सगळा खर्च एका महिन्याच्या किरायाच्या आत बसतो. मुदत साठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. मी एकदम पाच वर्षांचा करार करत नाही. एक वर्षाचा करतो, माणूस बरा निघाला तर पुन्हा करतो.

या कराराचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की राहणाऱ्याने खोली सोडायची. नाही सोडली तर दिवाणी कोर्टाची वाट न धरता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरतात. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने लढण्याची परवानगी मागायची. नाही मागितली तर आपला अर्ज मान्य होतो. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितके दिवस किरायाच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. आपल्या भागाचा सक्षम प्राधिकारी कुठे बसतो ते वकिलाला आधीच विचारून ठेवा. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ही सोय राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतीच आहे. दत्त चौकातला किंवा बसस्थानकाजवळचा गाळा धंद्यासाठी दिला असेल तर हा रस्ता नाही, तिथे दिवाणी कोर्टच. म्हणून गाळा देताना दुप्पट सावध राहा आणि वकिलाची फी आधी द्या, नंतर दिली तर जास्त पडते.

कागद झाला. आता माणूस.

'ओळखीतला आहे' हे शब्द ऐकले की मी आता कान टवकारतो. माझा तो किरायेदार माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतला होता. म्हणून मी त्याला आधी कुठे राहत होता ते विचारलं नाही, आणि आधीच्या घरमालकाला फोन केला नाही. तो एक फोन दहा कागदांच्या तोडीचा असतो. आणि सध्याच्या घरमालकाला नव्हे, त्याच्याही आधीच्याला करा. सध्याचा तर ब्याद जावी म्हणून कौतुकच करेल. आधार, पॅन, नोकरीच्या जागेचं ओळखपत्र यांच्या प्रती घ्या. पोलिसांकडे किरायेदाराची माहिती द्या. ठाण्यात फॉर्म मिळतो, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही भरता येतो. माहिती देण्याचा आदेश जारी असताना ती न देणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होतो. खरं सांगायचं तर या फॉर्मचा मोठा फायदा वेगळाच आहे. ज्याला काही लपवायचं असतं तो फॉर्मचं नाव काढताच 'दोन दिवसांनी येतो' म्हणतो आणि येत नाही.

उशिरा पैसे देणारा आणि बुडवणारा यांत गल्लत करू नका. आमच्याकडे खेड्यावरचं एक कुटुंब होतं, दोन मुली शाळेत. जुलैपासून किराया रखडायचा. "काका, कापूस निघाला की देतो." दिवाळीनंतर कापूस विकला की माणूस येऊन चार महिन्यांचे एकदम मोजून द्यायचा, वर पिशवीभर तुरीच्या शेंगा. असं चार वर्षं चाललं. आणि ज्याने मला रडवलं त्याचा पगार दर महिन्याला खात्यात जमा होत होता. पहिला माणूस स्वतःहून जिना उतरून सांगायला यायचा. दुसऱ्याचा फोन पाच तारखेनंतर लागायचा नाही आणि दहा तारखेनंतर त्याला घराच्या तक्रारी सुचायच्या, नळ गळतो, फरशी उखडली, शेजारी भांडतात. किराया मागितल्याबरोबर तक्रारी सुरू झाल्या, की समजा प्रकरण वेगळ्या वळणाला लागलं. दुसरा महिना थकला की लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. मी पाच महिने तोंडी मागत राहिलो, चांगुलपणाने. त्या चांगुलपणाचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता.

करारात काय लिहायचं हे टायपिस्टवर सोडू नका, त्याच्याकडचा मसुदा मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचा असतो. आपली भांडणं पाण्याची, विजेची आणि कूलरची. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, शहर टँकरवर आलं, तेव्हा कितीतरी घरांत टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावरून वर-खाली बोलणं बंद झालं होतं. म्हणून लिहा: नळ नसेल त्या दिवशी टँकरचा वाटा किती, मोटर कोण चालवणार, टाकी भरायची वेळ कोणती. कूलर कुठल्या खिडकीत, पाणी कुठे उतरवायचं, भिंत खराब झाली तर रंग कोणी द्यायचा. सबमीटर लावा आणि किल्ली देताना त्याच्या आकड्याचा फोटो काढून किरायेदारालाच पाठवा. फोटो त्याच्या फोनमध्ये गेला की वाद मिटला. मीटर आपल्या नावाचं असतं, थकलेलं बिल महावितरण आपल्याकडेच मागणार. घरगुती मीटरवर त्याने शिलाईचं दुकान किंवा पार्लर सुरू केलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली होणारी आकारणीही आपल्याच दारात येते. पंखे किती, नळ किती, गिझर चालू की बंद, दाराच्या बिजागऱ्या कशा, सगळ्याची यादी दोघांच्या सहीने. यादी करताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. होऊ द्या. आणि दर महिन्याला पावती द्या. ती न देणं हा घरमालकाचा गुन्हा आहे, आणि रोख किराया घेऊन डायरीत टिपून ठेवणाऱ्यांची डायरी कोर्टात फारशी कामाची नसते. किराया खात्यातच घ्या.

आता समजा, हे काही केलं नव्हतं आणि माणूस वर बसून आहे. अशा वेळी सगळ्यात मोठा धोका किरायेदाराकडून नसतो, आपल्या हाताकडून असतो. मीटरचं बटण खालीच असतं. पाण्याचा व्हॉल्व्ह अंगणात असतो. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, लाइट बंद करा, दोन दिवसांत निघेल." मेहुणा म्हणतो, तो गावाला गेला की कुलूप बदलून टाकू. यातलं काहीही करू नका. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई या अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मनाई आहे. तोडल्या तर तो कोर्टातून त्या पुन्हा सुरू करून घेईल आणि शिक्षेला पात्र आपण ठरू. कुलूप बदलून बाहेर काढलं तर १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून तो ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच नसतो. म्हणजे घर आपलं, किराया थकलेला, आणि आरोपी आपण.

कायद्याचा रस्ता लांब आहे पण आहे. नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स असेल तर वर सांगितलेला. साधा किरायेदार असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस वकिलामार्फत पोस्टाने पाठवायची. नव्वद दिवस थांबायचं. मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्या कोर्टात दावा. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सगळी बाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह आणि खर्चासह भरली, पुढेही नियमित भरत राहिला, तर त्याला काढता येत नाही. हे ऐकून मला पहिल्यांदा संताप आला होता. वकील शांतपणे म्हणाला, "सर, मग तुमचे पैसे तर मिळाले ना?" थकबाकीशिवाय कलम १६ मध्ये आणखी कारणं आहेत: लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणं, मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणं. हा कायदा परिशिष्टातल्या शहर-गावांना लागू आहे. त्याबाहेरच्या खेड्यात खोली दिली असेल तर १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, तिथे महिनेवारी किरायेदारीला पंधरा दिवसांची नोटीस लागते. नोटीस चुकीच्या कायद्याखाली गेली की दोन वर्षांनी दावा तिथेच अडतो, म्हणून नोटीस स्वतः लिहू नका, मास्तर असलात तरी.

या सगळ्यात प्रकृतीचं काय होतं ते कोणी लिहीत नाही. मला रात्री फाटकाचा आवाज आला की जाग यायची. तो आला की गेला, एवढंच ऐकत पडायचो. बीपीची गोळी अर्ध्याची एक झाली. घरात दुसरा विषय उरला नाही. सून फोन करायची तेव्हा आधी 'गेला का तो?' आणि मग नातवाची खबर. शेवटी बायकोनेच नियम घातले आणि ते मी सगळ्यांना सांगतो. वरच्यांशी बोलायचं ते घरातल्या एकानेच, आणि आमच्याकडे तो एक मी नव्हतो, माझा धाकटा भाऊ होता. बोलणं महिन्यातून एकदा, दिवसा, आणि नंतर त्याचा एक ओळीचा मेसेज पाठवायचा. संध्याकाळी सातनंतर त्या माणसाचं नाव घरात घ्यायचं नाही. शिवाय किरायाच्या भरवशावर कुठलाही हप्ता लावायचा नाही. आमचा बाथरूमच्या टाइल्सचा हप्ता त्या किरायावर चालला होता, म्हणून तर जीव जास्त टांगणीला लागला.

आपलंही चुकतं, तेही मान्य करावं. न विचारता वर जाऊन खोली बघणारे, पाहुणा आला की मोटरची किल्ली लपवणारे, जाताना ठेवीतून रंगाचे, साफसफाईचे आणि न फुटलेल्या बेसिनचेही पैसे कापणारे घरमालक या शहरात आहेत. किरायेदारांच्या चर्चेत ते नावानिशी प्रसिद्ध असतात आणि त्यांच्याकडे चांगला माणूस टिकत नाही.

माझ्या प्रकरणाचा शेवट कोर्टात झाला नाही. सप्टेंबरपर्यंत नऊ महिने थकले, साडेसहा हजारांप्रमाणे ५८,५०० रुपये. माझ्याकडे त्याची १३,००० रुपये ठेव होती. भावाने त्याला बसवलं आणि सांगितलं, ठेव आमच्याकडे राहू दे, बाकी माफ, पण पंधरा दिवसांत खोली रिकामी कर आणि तसं लिहून दे. त्याने दिलं. ४५,५०० रुपयांवर पाणी सोडताना मला फार लाज वाटली. आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. मग वहीत हिशेब मांडला. दावा दोन वर्षं जरी चालला असता तरी वकिलाची फी, तारखा आणि न मिळालेला किराया धरून लाख-दीड लाख सहज गेले असते. आज कोणी विचारलं तर मी हाच सल्ला देतो: समोरच्याला पैसे हवे असतील आणि आपल्याला घर, तर घर घ्या. फक्त तडजोड तोंडी ठेवू नका. दावा लागलेला असेल तर लोकअदालतीत करा. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. दाव्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

भिंतीची ती ओल दोन पावसाळे गेली नाही. आता वर एक नर्स आणि तिची आई राहतात. कूलर गॅलरीत आहे, नळी थेट मोरीत सोडलेली आहे, आणि हे करारात सहाव्या कलमात लिहिलेलं आहे. करार ३१ मेला संपतो. दिनदर्शिकेच्या एप्रिलच्या पानावर एक तारखेला मी पेनाने खूण करून ठेवली आहे. करार वाढवायचा की खोली रिकामी मागायची, ते तिला त्या दिवशी लेखी कळेल. तुमच्या वरच्या खोलीचा करार कधी संपतो आणि त्यावर नोंदणीचा क्रमांक आहे का, तेवढं आज कपाट उघडून बघाच.